मॉर्गन : लाकडी चासी, लांबलचक वेटिंग लिस्ट आणि शंभरी पार केलेली कंपनी – खरं काय, ऐकीव काय?

चक्रधर
ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की मॉर्गनबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, तिची चासी लाकडाची असते. दोन, कंपनीने शंभर वर्षांत काहीच बदललं नाही. दोन्ही चुकीच्या आहेत असं माझं मत. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. ब्रिटनच्या बाकीच्या छोट्या मोटार कंपन्या बघा: अलार्ड गेली, एचआरजी गेली, जेन्सन आणि मार्कोस कितीदा उठल्या आणि बसल्या. मग इंग्लंडमधल्या मालव्हर्नसारख्या डोंगराच्या पायथ्याच्या गावातली ही एवढीशी कंपनी तगली कशी?

थोडी पार्श्वभूमी. एच. एफ. एस. मॉर्गन हे धर्मगुरूंचे चिरंजीव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडन कारखान्यात शिकले, मग मालव्हर्न लिंकला गॅरेज टाकलं. १९०९ मध्ये प्यूजोचं व्ही-ट्विन इंजिन घेऊन स्वतःसाठी तीनचाकी बनवली. त्यात मालव्हर्न कॉलेजातले अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मदत केली. १९१० च्या लंडनमधल्या ऑलिंपिया प्रदर्शनात एकसीटी गाडी ठेवली, पण गिऱ्हाइकांना शेजारी दुसरी सीट हवी होती. पुढच्या वर्षी दोनसीटी आली आणि हॅरॉड्स या लंडनच्या बड्या दुकानाने तिची एजन्सी घेतली. १९१२ मध्ये लिमिटेड कंपनी झाली, अध्यक्ष वडील.

माझं म्हणणं असं की कंपनी उभी राहिली ती करपद्धतीमुळे आणि टिकली ती स्वतः इंजिन न बनवल्यामुळे. जाणकारांनी दुरुस्ती करावी. पुढच्या सस्पेन्शनबद्दल आणि लाकूडकामाबद्दल कोणी नीट लिहिलं तर फारच उत्तम.

ग्रीसगन
चासीचं आधी निकालात काढू. १९३६ ची चारचाकी ४-४ (चार चाकं, चार सिलिंडर) पहिल्या दिवसापासून स्टीलच्या चासीवर होती. दोन लांब पट्ट्या, छेद इंग्रजी झेडसारखा, मध्ये आडव्या पट्ट्या. फ्लोअरबोर्ड त्या झेडच्याच काठावर बसतात. ही रचना सुधारणा होत होत २०२० पर्यंत चालली.

लाकूड आहे ते चासीच्या वर, बॉडीच्या सांगाड्यात. आपल्याकडे ट्रकची चासी कंपनीतून येते आणि लाकडी बॉडी बॉडीबिल्डर बांधतो, तसाच प्रकार. ॲश या झाडाच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर पत्रा ओढून खिळ्यांनी पक्का केलेला.

एक खुबी सांगतो. चासीच्या पट्ट्या मागच्या ॲक्सलच्या खालून जातात. त्यामुळे माणूस जमिनीला टेकल्यासारखा खाली बसतो आणि गाडी वळणावर कलत नाही. त्याची किंमत अशी की मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागा फार थोडी मिळते. मॉर्गन कडक चालते ही तक्रार तिथून सुरू होते, नुसत्या स्प्रिंगच्या पाट्यांमुळे नाही.

पटाशी
लाकडाबद्दल मी लिहिते.

ॲशच का? धागे सरळ आणि लांब, धक्का सोसायची ताकद, आणि वाकवता येतं. क्रिकेटचे स्टंप आणि हातोड्याचे दांडे याच लाकडाचे करतात, ते याच गुणांमुळे. ओक जड, शिवाय त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडी खिळा लवकर गंजतो. सागवानाबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते: साग कुजायला ॲशपेक्षा कितीतरी चिवट आहे, पण ॲशइतका धक्का सोसत नाही आणि तेलकटपणामुळे गोंद धरायलाही त्रास देतो. शिवाय ॲश इंग्लंडच्या जंगलात होतं, साग बोटीने आणावा लागायचा.

सगळे तुकडे एकसंध नसतात. मागच्या चाकावरची कमान पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून, साच्यात शिकंज्यांनी आवळून केली जाते. एकाच जाड फळीतून कमान कापली तर टोकांना धागे आडवे येतात आणि तिथेच ती तुटते. पट्ट्यांमध्ये धागे वळणाबरोबर जातात.

आणि कुजतं कुठे? ॲश बुरशीला कच्चं. पहिला बळी म्हणजे दाराखालची फळी, कारण तिच्याखाली पोलाद आणि वर पत्रा, मध्ये अडकलेलं पाणी वाळतच नाही. दुसरा, बिजागरीच्या खांबाचं खालचं टोक. तिसरा, मडगार्ड जिथे बॉडीला बोल्टने जोडलेलं असतं तो भाग. तिथली पायपिंग, म्हणजे सांध्यात घातलेली पट्टी, सुकून आक्रसली की फटीतून चिखल आत जातो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यात लाकडाला प्रिझर्व्हेटिव्ह द्यायला लागले, त्यानंतरच्या गाड्या बऱ्याच बऱ्या. त्याआधीच्या गाडीत कोरडं लाकूड सापडलं तर मालकाने गाडी जपली असं खुशाल समजावं.

निवांत
वाचनखूण साठवली. स्टंपची माहिती नवीन होती.

अनघा_के
चक्रधर, तुमचं दुसरं कारण मला पटत नाही. बाहेरून इंजिन घेणं हेच टिकण्याचं रहस्य असेल तर अलार्ड का बुडाली? त्यांनीही फोर्ड आणि कॅडिलॅकची इंजिनं घेतली होती. जेन्सनने क्रायस्लरची घेतली. ब्रिटनमधल्या बहुतेक छोट्या कंपन्या इंजिन बाहेरूनच घेत, कारण स्वतःचं इंजिन ओतायला लागणारं भांडवल कोणाकडेच नव्हतं.

मला फरक दिसतो तो मालकीत. स्टँडर्ड या मोटार कंपनीचे सर जॉन ब्लॅक यांनी १९५० च्या सुमारास मॉर्गन विकत घ्यायची तयारी दाखवली होती. मॉर्गननी नकार दिला. मग ब्लॅकनी स्वतःची स्पोर्ट्स कार काढली, तीच ट्रायम्फ टीआर. आणि त्याच टीआरचं इंजिन पुढे मॉर्गनच्या प्लस फोरमध्ये बसलं. १९६० च्या दशकात रोव्हरनेही विचारणा केली, तिलाही नकार, पण बोलण्यांतून व्ही-८ पदरात पडलं. विकत घ्यायला आलेल्याशी संबंध न तोडता त्याच्याकडून इंजिन मिळवायचं, हे घराण्याच्या मालकीमुळे जमलं. शेअरहोल्डर असते तर दोन्ही वेळा कंपनी विकली गेली असती.

चक्रधर
@अनघा_के, मुद्दा मान्य. थोडी भर घालतो. अलार्डच्या गाड्या मोठ्या आणि महाग होत्या. १९४८ मध्ये जॅग्वारने एक्सके १२० आणली, ती कमी पैशांत तेवढीच वेगवान, आणि अलार्डचं गिऱ्हाईक पळालं. मॉर्गनचं गिऱ्हाईक एमजी आणि टीआर यांच्या किमतीच्या आसपासचं होतं, आणि साचे जुनेच असल्यामुळे नव्या मॉडेलसाठी कर्ज काढायची वेळच येत नव्हती.

मोह झाला नाही असंही नाही. १९६३ ची प्लस फोर प्लस ही फायबरग्लासची बंद छपराची गाडी. अवघ्या २६ बनल्या आणि १९६७ मध्ये प्रकरण मिटलं. ती जुन्याच चासीवर असल्यामुळे नुकसान झेपलं. नवी चासी आणि नवा कारखाना असं काही काढलं असतं तर आज हा धागा निघाला नसता.

तीनचाक्या
करपद्धतीचा हिशेब मांडतो, म्हणजे पहिलं कारण किती खरं ते दिसेल.

१९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीला दर हॉर्सपॉवरमागे वर्षाला १ पौंड कर. ऑस्टिन सेव्हनसारख्या चिमुकल्या गाडीलाही ८ पौंड. तीनचाकी ८ हंड्रेडवेटच्या आत, म्हणजे साधारण ४०६ किलोच्या आत असली तर मोटारसायकलच्या दराने ४ पौंड. निम्मा कर. म्हणून मॉर्गनच्या तीनचाकीत प्रत्येक भाग वजन बघून केलेला दिसतो.

तिची चाल अशी: पुढे उघडं व्ही-ट्विन इंजिन (जेएपी कंपनीचं, नंतर मॅचलेसचंही). त्यामागे कोन क्लच. मधल्या जाड नळीतून शाफ्ट मागच्या बेव्हल बॉक्सपर्यंत, म्हणजे फिरण्याची दिशा काटकोनात वळवणाऱ्या दातेचक्रांच्या पेटीपर्यंत. ही नळी हाच चासीचा कणा. बेव्हल बॉक्सच्या आडव्या शाफ्टवरून मागच्या एकाच चाकाकडे दोन साखळ्या, दोन्हींचे दातेचक्र वेगळ्या मापाचे. डॉग क्लच, म्हणजे दात एकमेकांत अडकवणारा क्लच, एका बाजूला सरकवला की लो, दुसऱ्या बाजूला सरकवला की हाय. झाला गिअरबॉक्स. दोनच गिअर, रिव्हर्स नाही. तीन गिअर आणि रिव्हर्सवालं मॉडेल १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं, त्यात एकच साखळी.

बिघाड कुठे होतो? दोन साखळ्या सारख्या ताणात राहत नाहीत, कारण जी जास्त वापरली ती आधी लांबते. चाक मागे ओढून एक साखळी नीट केली की दुसरी जास्त ताणली जाते. म्हणून जोडी एकत्रच बदलायची. डॉगचे दात गोल झाले की उतारावर गिअर आपोआप निसटतो. आणि मागचं चाक पंक्चर झालं तर दोन्ही साखळ्या काढल्याशिवाय सुटका नाही, म्हणून मागचा टायर कधीही जुना ठेवू नये.

१९३५ मध्ये कर १ पौंडावरून १५ शिलिंगवर आला. ८ हॉर्सपॉवरला ६ पौंड. तीनचाकीचा फायदा ४ पौंडांवरून २ वर आला. त्याच वर्षी फोर्डने चार चाकं, छप्पर आणि रिव्हर्ससकट गाडी १०० पौंडांत विकायला काढली. मॉर्गनची चारचाकी त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर झाली, हा योगायोग नव्हे. तीनचाकी १९५२ पर्यंत रेटली, मग बंद.

कोकणकडा
रिव्हर्स नाही तर गल्लीत गाडी वळवायची कशी?

तीनचाक्या
उतरायचं आणि मागून ढकलायचं. ४०० किलोच्या आतली गाडी, दोघांत सहज सरकते. मागे एकच चाक असल्यामुळे शेपटाकडून उचलून फिरवताही येते.

ग्रीसगन
आता पुढचं सस्पेन्शन, म्हणजे स्लायडिंग पिलर. १९०९ च्या गाडीवर जे तत्त्व होतं तेच एकविसाव्या शतकापर्यंत पारंपरिक मॉडेलवर होतं, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पुढे वर-खाली दोन आडव्या नळ्यांची चौकट. दोन्ही टोकांना उभी किंगपिन, ती हलत नाही. स्टब ॲक्सल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो आखूड दांडा, या पिनवर वर-खाली सरकतो, आणि स्टिअरिंग फिरवलं की तिच्याभोवतीच फिरतो. वर मोठी स्प्रिंग, खाली छोटी रिबाउंड स्प्रिंग. म्हणजे इतर गाड्यांत असतात तसे विशबोनचे हात नाहीत, बॉल जॉइंट नाहीत. चाक वर गेलं तरी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलत नाही. १९०९ साली हे फार पुढचं होतं.

तोटा उघड आहे. एकाच पिनवर सरकणं आणि फिरणं, दोन्ही कामं. पिन चाकामागच्या धुळीत. पिनभोवतीच्या ब्रॉन्झच्या नळ्या, म्हणजे बुश, झिजणारच, आणि खालचा आधी झिजतो, कारण चिखल तिथे.

तपासणी अशी:
जॅक चौकटीखाली लावा, चाक अधांतरी. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर किंगपिन आणि बुशचा. ही ब्रेकची पायरी न करता बुश बदलणारे पुष्कळ आहेत, आणि मग नव्या बुशवरही चाक हलतंच.

बुश नुसते ठोकून बसवायचे नाहीत. प्रेसने बसवले की ते आत आक्रसतात, म्हणून दोन्ही बुश एका सरळ रेषेत, एकाच लांब रीमरने (भोक मापात तासायच्या हत्याराने) रीम करावे लागतात. एकेक वेगळा रीम केला तर पिन किंचित तिरकी बसते, स्टिअरिंग जड होतं आणि नवा बुश एका बाजूने झिजतो. पिनवर खाच नखाला लागत असेल तर पिनही बदला. जुन्या पिनवर नवा बुश म्हणजे फुकटची मजुरी. हार्ड क्रोमच्या पिना मिळतात, त्या घ्याव्यात.

ग्रीस दर हजार मैलांनी, पावसाळी रस्त्यावर त्याआधीच. गाडी जमिनीवर असताना ग्रीस मारलं तर भार असलेल्या बाजूला ते शिरत नाही. चाक उचला, गन मारा, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, पुन्हा गन मारा.

अनघा_के
आणि किंगपिनला ऑइल देणारं, पायाशी असलेलं ते बटण?

ग्रीसगन
हो, ते राहिलंच. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांत इंजिनातलं ऑइल पातळ नळीने किंगपिनच्या डोक्यावर नेलेलं असतं. बटण पायाने दाबलं की ऑइलच्या दाबाने थोडं ऑइल पिनवर उतरतं. इंजिन थंड असताना, नुकतं सुरू केल्यावर काही सेकंद दाबायचं, कारण तेव्हा दाब सर्वात जास्त असतो. गरम इंजिनवर दाबून काही पोचत नाही, उलट प्रेशर गेजचा काटा पडतो आणि चालवणारा घाबरतो.

नळ्या चोंदलेल्या असतात हे गृहीत धरा. वरचं जोड सैल करून बटण दाबा, ऑइल बाहेर येतं का पाहा. येत नसेल तर आधी नळी साफ. आणि हे बटण ग्रीसला पर्याय नाही, दोन्ही हवं.

शेवटचं: डँपर ब्लेड. स्प्रिंग स्टीलची ही पट्टी स्टिअरिंगचे झटके शोषते. तिच्याखालच्या पातळ चकत्या (शिम) चुकल्या की विशिष्ट वेगाला पुढची चाकं थरथरतात. लोक चाकं बॅलन्स करत बसतात. आधी ब्लेड बघा.

थेम्सकाठ
वेटिंग लिस्टबद्दल कोणीच बोललं नाही. १९९० मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात नावाजलेले उद्योग व्यवस्थापक सर जॉन हार्वी-जोन्स मॉर्गनच्या कारखान्यात गेले. आठवड्याला नऊ-दहा गाड्या, अर्धवट गाड्या हाताने ढकलत एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं ताटकळत. त्यांचा सल्ला: उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, पद्धत बदला. पीटर आणि चार्ल्स मॉर्गन या बापलेकांनी तो बहुतांशी नाकारला. कार्यक्रम पाहून लोकांनी उलट आणखी नंबर लावले. बारशाला नंबर लावला तर मुंजीला गाडी, असा तो काळ.

पण हार्वी-जोन्स पूर्ण चुकले असं मला वाटत नाही. नंबर हातोहात जास्त पैशाला विकले जात, म्हणजे गाडीची खरी किंमत कंपनी घेत नव्हती, मधले लोक घेत होते. पुढच्या काळात कंपनीने कारखान्याची मांडणी सुधारलीच. सल्ला नाकारला आणि मग सावकाश, आपल्या गतीने अमलात आणला, असं म्हणणं जास्त बरोबर.

वेटिंग लिस्टचा खरा उपयोग मंदीत झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची मागणी कोसळली तेव्हा कंपनी हादरली होती, कारण बहुतांश गाड्या तिकडेच जात. त्यानंतर एका बाजारावर भिस्त ठेवली नाही. लांब रांग असली की एका देशातली मागणी पडली तरी आठवड्याचा आकडा तोच राहतो, कामगार तेच राहतात. मॉर्गनची रांग हीच तिची ठेव होती.

तीनचाक्या
+१. त्यात १९६२ ची ल मां, ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत, जोडा. आदल्या वर्षी तपासणीतच गाडीला परत पाठवलं होतं. १९६२ मध्ये ख्रिस लॉरेन्स आणि रिचर्ड शेफर्ड-बॅरन यांनी प्लस फोर सुपर स्पोर्ट्स, नंबर टीओके २५८, २४ तास चालवून २ लिटरच्या गटात पहिली आणली. ॲशचा सांगाडा आणि स्लायडिंग पिलर घेऊन.

अनघा_के
"काहीच बदललं नाही" या समजावर लिहायचं राहिलं. १९६८ मध्ये प्लस एटमध्ये ३५२८ सीसीचं रोव्हर व्ही-८ बसवलं. अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे ते वजनाला हलकं, म्हणूनच जुन्या चासीला झेपलं. २००० ची एरो एट तर गोंद आणि रिव्हेटने जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियम चासीवर, बीएमडब्ल्यूचं व्ही-८ घेऊन आली, आणि तिच्या विकासात तेच ल मांवाले लॉरेन्स होते. २०११ मध्ये तीनचाकी परत आली, एस अँड एस कंपनीचं व्ही-ट्विन आणि माझदाचा पाच गिअरचा बॉक्स घेऊन, या वेळी रिव्हर्ससकट. २०१९ मध्ये इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या गुंतवणूक कंपनीने बहुसंख्य हिस्सा घेतला, घराण्याकडे थोडा राहिला. त्याच वर्षी नव्या अ‍ॅल्युमिनियम चासीची प्लस सिक्स आली, आणि २०२० मध्ये स्टीलची चासी थांबली.

म्हणजे घराण्याच्या मालकीचा माझाच मुद्दा २०१९ पर्यंतच लागू. त्यापुढे कंपनी कशी चालते हे वेगळ्या मापाने मोजावं लागेल.

कोकणकडा
अवांतर: धाकटा भाऊ बर्मिंगहॅमला असतो. कारखाना बघता येतो का?

थेम्सकाठ
येतो, पिकर्सली रोडवरचा तोच कारखाना. फेरी आधी बुक करावी लागते. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट स्टेशनहून थेट आगगाडी आहे, मालव्हर्न लिंकला उतरा. सुतारखाना आणि बॉनेटला झरोके पाडतात तो भाग घाईत बघू नका.

पटाशी
सांगाडा बदलणाऱ्यांसाठी क्रम लिहून ठेवते, कारण इथेच बहुतेकांची गाडी वाकडी होते.

कुजलेलं लाकूड काढण्याआधी दोन्ही दारांच्या मोकळ्या जागेत आडवी आणि तिरकी पट्टी ठोकून ती जागा बांधून घ्या. दोन्ही कर्णांची मापं लिहा. प्रत्येक तुकड्याचा प्लायवर नमुना काढा, तुकडा भुसा झाला असला तरी टाकू नका, बोल्टच्या भोकांची जागा त्याच्यावरूनच कळते. चासी समतल ठेवा, वाकडी असेल तर आधी ती सरळ करून घ्या.

नवा सांगाडा ठेवल्यावर बोल्ट हाताने बसतील एवढेच फिरवा. मग दारं टांगा, फटी सारख्या करा, आणि त्यानंतरच बोल्ट आवळा. पत्रा सगळ्यात शेवटी. पत्रा आधी खिळवला तर दार बसत नाही आणि मग लोक दारच तासतात. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. कापलेल्या प्रत्येक टोकाला प्रिझर्व्हेटिव्ह पाजा, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाच्या धाग्यांतून.

निवांत
मग मूळ प्रश्नाचं उत्तर? आणि १९७० च्या दशकातली ४/४ कोणी विकत घेत असेल तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय बघावं?

चक्रधर
चासी स्टीलची, सांगाडा लाकडाचा. करसवलतीने जन्म दिला, पण १९३५ नंतर तिचा आधार उरला नाही. पुढे तारलं ते अनघाताईंनी सांगितलेल्या मालकीने आणि थेम्सकाठ म्हणतात त्या रांगेने. इंजिनाचा माझा मुद्दा तिसऱ्या नंबरावर नेतो.

ग्रीसगन
@निवांत, ४/४ साठी: दार अर्धं उघडा, कडेला धरून वर उचला. नुसतं दार हललं तर बिजागरी, किरकोळ काम. दाराबरोबर खांब हलला तर खालचं लाकूड गेलं, म्हणजे मडगार्ड आणि पत्रा उतरवण्याचं काम. मग खाली झोपा आणि दाराखालची फळी टोच्याने खालून टोचून बघा, रंगावर जाऊ नका. चाकाची ब्रेकवाली तपासणी वर लिहिली आहे. पुढच्या चौकटीची खालची नळी समोरून डोळ्याने बघा, किंचितही बाक दिसला तर गाडी कुठेतरी आपटलेली आहे. इंजिन सगळ्यात शेवटी बघा. फोर्डचं १६०० केंट आहे, त्याचे भाग मिळतात आणि ते कोणीही बांधून देतो. पैसे लाकडात आणि चौकटीत जातात, भाव त्यावर करा.